निम्मेकाका

तुमच्याही सोसायटीत ते असतीलच. परदेशातून काहीतरी मागवायचं, खोकं लिफ्टसमोरच फोडायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून सांगायचं, "इथल्यापेक्षा निम्म्यात पडलं!" आमच्या निम्मेकाकांना आजवर निम्म्यात तंबू पडलाय, दुर्बीण पडलीय, डावखुऱ्यांची कात्रीही पडलीय. काका उजवे आहेत.

यंदा पडला ट्यूबा. बर्लिनमध्ये १८३५ साली पेटंट झालेलं वाद्य. अठरा फुटांच्या आसपास पितळी नळी वेटोळी करून मांडीवर घ्यायची आणि गाल फुगवायचे. नामांकित जर्मन ट्यूबा काही लाखांचा, म्हणून काकांनी तसाच दिसणारा चीनहून मागवला.

"अहो, मेरठच्या जाली कोठीत बँडवाल्यांची वाद्यं बनतात, तिकडे विचारायचं!"

"तिकडे इथल्याच भावात पडतं."

वाद्य दहा किलोचं. पण कुरिअरवाले नुसत्या काट्यावर जात नाहीत; खोक्याची लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि जास्त भरेल ते वजन लावतात. १२० गुणिले ६० गुणिले ६०. ट्यूबा शहाऐंशी किलोंचा झाला. वर सीमाशुल्क, तेही भाडं आणि विमा धरून; आणि त्या शुल्कासकट रकमेवर पुन्हा जीएसटी.

"म्हणजे इथल्याइतकेच पडले की, काका!"

"छे! निम्मे दोनदा पडले."

खोकं फोडलं तर कर्ण्याला हा मोठा पोचा. वाटेत तो खरोखरच पडला होता. चार पिस्टनांपैकी दोन अडकलेले, म्हणजे वाजणारही निम्माच. शेवटी लग्नातल्या एका बँडवाल्याने तेलपाणी करून त्याला बोलतं केलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला गच्चीवरून "पों... पों पों". ट्यूबाचं काम खालचा सूर धरायचं, गाणं दुसऱ्याने वाजवायचं. इथे दुसरा कोणी नाहीच. काका तासभर कुठल्या तरी गाण्याचा नुसता पाया घालत बसतात. आठवडाभर मी खिडक्या लावून घेतल्या.

परवा मेथी निवडताना लक्षात आलं, मी त्या पों-पोंवर चाल गुणगुणतोय. बरोबर बसत होती. एका कडव्यानंतर थांबलो, तर वरचं पोंही थांबलं. खिडकी उघडी होती.

दुसऱ्या दिवशी जिन्यात काकांनी गाठलं. "गाणं छान धरता हो तुम्ही. तुमच्यासाठी एक ट्रम्पेट बघून ठेवलाय."

"छे छे, नको हो काका," म्हणत मी एक मजला उतरलो. मग परत वर गेलो.

"कितीला पडेल?"