चाकांवरच्या चाहत्याचे तिकीट-कचेरीस पत्र

मेहेरबान तिकीट-कचेरीचे कारभारी साहेब यांसी,

साष्टांग नमस्कार घालण्याची फार इच्छा होती; परंतु शास्त्राने सांगितलेल्या आठ अंगांपैकी पाय आणि गुडघे ही दोन अंगे बारा वर्षांपासून माझ्या हुकमतीत नसल्यामुळे उरलेल्या सहा अंगांचा नमस्कार गोड मानून घ्यावा. नोकरीनिमित्त इंग्लंडात येऊन स्थायिक झालेला, चाकांच्या खुर्चीतून हिंडणारा आणि आपल्या फुटबॉल क्लबाच्या जयपराजयावर रविवारच्या जेवणाची गोडी अवलंबून ठेवणारा मी एक मराठी गृहस्थ आहे. क्लबाचे नाव मुद्दामच लिहीत नाही. ते वगळले म्हणजे या पत्राचा मान इतर क्लबांनाही आपापसांत वाटून घेता येईल.

प्रथम आपल्या दूरदृष्टीबद्दल आभार. धडधाकट मनुष्यास तिकीट हवे असले, तर तो मध्यरात्री अंथरुणात पडल्या पडल्या यंत्रावर बोट टेकवतो, जागा निवडतो आणि कूस बदलून झोपी जातो; त्यात मनुष्यसहवासाचा लवलेशही नसतो. माझ्यासारख्याचे एकाकीपण ओळखून आपण आम्हांस ही सोय नाकारलीत आणि कचेरीच्या वेळात दूरध्वनी करण्याचा दंडक घातलात, ज्यायोगे पाऊण तास वाद्यसंगीत ऐकून झाल्यावर का होईना, एका सजीव आवाजाशी संभाषणाचा योग येतो. तो आवाज दर हंगामाच्या आरंभी अपंगत्वाचा दाखला नव्याने मागतो. मे महिन्यात न चालणारे पाय ऑगस्टात चालू लागतील ही आशा माझ्या डॉक्टरांनी केव्हाच सोडली. ती आपल्या दप्तरात अद्याप तेवत आहे, हे पाहून गहिवरून येते. मदतनिसाचे तिकीट आपण फुकट देता, हेही मी विसरलेलो नाही. त्याला माझ्या मागल्या रांगेत बसवता, त्यामुळे पाण्याची बाटली मागायची तर मान मागे वळवून ओरडावे लागते, एवढेच.

हिशेबाची बाब थोडक्यात आटोपतो. मैदाने सर्वांस सुगम कशी करावीत याविषयी इकडे या शतकाच्या आरंभीच एक मार्गदर्शिका निघाली. तिच्या कोष्टकाप्रमाणे चाळीस हजार आसनांहून मोठ्या मैदानात चाकांच्या खुर्च्यांसाठी 210 जागा आणि चाळीस हजारांवरील दर हजारामागे आणखी 2 जागा असाव्यात, म्हणजे पंचाहत्तर हजारांच्या मैदानात 280. शंभरात अर्धा माणूसही नव्हे. 2014 मध्ये बीबीसीने मोजदाद केली, तेव्हा प्रीमियर लीगच्या 20 क्लबांपैकी 17 क्लब एवढ्यातही उणे निघाले. 1995 चा अपंगांविषयीच्या भेदभावाचा कायदा आणि मागाहून आलेला 2010 चा समानतेचा कायदा हे त्यापूर्वीच झालेले होते. 2015 च्या फेब्रुवारीत याच लीगच्या तीन हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क 5 अब्ज पौंडांहून अधिक रकमेस विकले गेले आणि सप्टेंबरात क्लबांनी ऑगस्ट 2017 पर्यंत सारे यथास्थित करण्याचे अभिवचन दिले. मुदत काहींनी पाळली, काहींनी ओलांडली. सबब ठरलेली: इमारत जुनी, जिने अरुंद, भिंती शेजाऱ्यांच्या. त्याच जुन्या इमारतींत धनिकांच्या काचेच्या दालनांस मात्र जागा सापडते, याचे श्रेय वास्तुविशारदांस द्यावे की लक्ष्मीस, हे मला उमगलेले नाही.

असो. तिकीट मिळाले म्हणजे सामना दिसतोच असे नाही, हे ज्ञानही मला आपल्याच कृपेने झाले. 1989 च्या एप्रिलात शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात जी चेंगराचेंगरी झाली, जिच्यातील बळींची संख्या अखेरीस 97 वर गेली, तिच्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालान्वये वरच्या श्रेणींच्या मैदानांतून उभ्याने पाहण्याचे ओटे नाहीसे झाले आणि प्रत्येकाने आसनावर बसून सामना पाहावा असे ठरले. तेव्हापासून हा नियम एका क्षणाचाही खंड न पाडता पाळणारा प्रेक्षकवर्ग या देशात एकच आहे, आणि तो म्हणजे आम्ही. इतर मंडळी नव्वद मिनिटांतली सत्याऐंशी मिनिटे बसतात. त्या वेळात मला सर्व काही स्वच्छ दिसते: रेषेबाहेर गेलेला चेंडू, पंचांशी चाललेली हुज्जत, गोलरक्षकाने बुटाला लागलेला चिखल झटकणे. मग कुणी एक आघाडीवीर बगलेतून आत वळतो, माझ्या पुढच्या आठ रांगा एकदम उभ्या राहतात, आणि मैदानाच्या जागी पाठींची एक भिंत उभी होते. चेंडू जाळ्यात गेला की खांबावर आदळला, हे मी आता आवाजावरून ओळखतो. खांबाचा हुंदका वेगळा असतो. माझ्या खुर्चीखालचा ओटा पुरेसा उंच केला असता तर उभ्या माणसांच्या डोक्यांवरून दिसले असते, असे ती मार्गदर्शिका सांगते. परंतु मग माझ्या श्रवणशक्तीचा असा विकास झाला नसता.

परगावच्या सामन्यांची मौज आणखी निराळी. पाहुण्या क्लबास मिळणाऱ्या, साधारणतः फार तर 3,000 तिकिटांची वाटणी निष्ठेच्या गुणांवर होते. गुण मागील फेऱ्यांच्या हजेरीवर मिळतात. आणि आमच्या जागा मुळात बोटांवर मोजण्याइतक्या असल्याने हजेरी लागतच नाही. कधी चिठ्ठी निघालीच, तर अनेक मैदानांत चाकांच्या खुर्च्यांचा ओटा यजमानांच्या गर्दीत असतो. मागल्या हिवाळ्यात अशाच एका ओट्यावर मी असताना आपल्या संघाने गोल केला, तेव्हा भोवती शत्रुपक्षाचे दोन हजार लोक शोकाकुल असताना मी चेहरा सुतकी ठेवून मांडीवरच्या शालीखाली फक्त अंगठा हलवला. इतका आनंद इतक्या लहान जागेत मी पूर्वी कधी कोंडला नव्हता.

तेव्हा अर्ज एवढाच की, दाखला एकदाच घ्यावा, तिकीट इतरांसारखेच इतरांच्याच खिडकीतून द्यावे, मदतनिसास शेजारी बसवावे, आणि मूल्यात सवलत देऊ नये. पुरे पैसे घ्यावेत आणि पुरा सामना दाखवावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बसून पाहणारा

ता. क. : गेल्या शनिवारचा दुसरा गोल डाव्या पायाने झाला की डोक्याने, हे कळवण्याची तसदी घ्यावी. माझ्यापुढे त्या वेळी एक तपकिरी ओव्हरकोट होता.