शून्य लिहा, बोंब ऐका

मिरची घरी कांडता येते. आवाजाची चिप घरी घडवणं जरा वेगळं. 1984 पासून ‘क्लास’ प्रकल्पातून भारतीय शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. त्यातल्या एसएन76489 या आवाजाच्या चिपची नक्कल हौशी मंडळी आता मायक्रोकंट्रोलरवर करतात.

मूळ चिपचा कारभार उलटा. आवाजाच्या खान्यात 0 लिहिलं की ती बोंबलते, 15 लिहिलं की गप्प! शिवाय ती बनवणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या कागदावर डी0 ही सर्वांत वजनदार डेटा-ओळ, एरवीच्या अगदी उलट. सवयीने उलट्या तारा जोडायच्या आणि शिव्या मात्र सोल्डरला.

संगणक लावताच घोगरा सूर निघून थांबलाच नाही, तर? चिप बहुधा निर्दोष असते. तिला गप्प करणारी संगणकाची कार्यप्रणालीच सुरू झालेली नसते. आधी रॉम आणि रीसेट तपासा.