स्क्रीनवर काय आलंय?

आमच्या सोसायटीत कोणाचा कॉम्प्युटर बंद पडला की त्या घरात ताबडतोब दोन तट पडतात. एक तट म्हणतो, जोशीकाकांना बोलवा, ते पैसे घेत नाहीत. दुसरा म्हणतो, पैसे घेणाऱ्यालाच बोलवा, तो निदान प्रश्न विचारत नाही.

जोशीकाका प्रश्न विचारतात.

"काय झालं?"

"चालत नाही, काका."

"चालत नाही म्हणजे लंगडतोय का? स्क्रीनवर काय आलंय?"

"काहीतरी इंग्लिशमध्ये आलं होतं."

"मग तू काय केलंस?"

"ओके केलं."

या उत्तरावर काका डोळे मिटून घेतात. देवघरातल्या समईत कोणी गोडेतेलाऐवजी रॉकेल घातलं तर आजीनं जसे मिटले असते, तसे. "उद्या दारात जप्तीची नोटीस घेऊन कोणी आला," ते सावकाश म्हणतात, "तर त्यालाही ओके करून आत घेशील."

मग पत्र्याचा डबा उघडतो. हा डबा एके काळी बिस्किटांचा होता. झाकणावर अजून एक गुबगुबीत बाळ हसतं आहे. आत चार स्क्रू ड्रायव्हर, साबण कधीही न लागलेला दाढीचा ब्रश, नाण्याएवढे दोन सेल आणि शाळकरी मुलाचा खोडरबर. खोडरबर हे मुख्य हत्यार. काका रॅमची पट्टी उपसून काढतात, तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासतात, फुंकर न मारता ब्रशनं झटकतात (फुंकरीत थुंकी असते) आणि पट्टी परत खटकन बसवतात. निम्मी दुखणी इथेच बरी होतात. तरीही यंत्र कुरकुरलं, तर काका कान देऊन त्याचे बीप मोजतात. जुन्या वैद्यांनी नाडी धरावी आणि घरच्यांनी श्वास रोखून धरावा, असा तो क्षण असतो.

हे सगळं करणारा माणूस ऐंशीच्या दशकात फोर्टमध्ये मुठी आवळून संगणकाविरुद्ध घोषणा देत होता, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. काका तेव्हा एका बँकेत क्लार्क आणि युनियनचे खंदे कार्यकर्ते. यंत्र आलं की माणसं घरी जाणार, हे त्यांचं ठाम मत. १९८३ मध्ये बँका आणि संघटना यांच्यात यंत्रांबद्दल करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे शाखाशाखांत लेजर पोस्टिंग मशिनं येऊ लागली. काकांच्या शाखेत ट्रेनिंगला जायला कोणी तयार होईना. भत्ता होता, पण फितुरीचा शिक्काही होता. शेवटी युनियननंच ठरवलं, आपला एक विश्वासू माणूस आत घालावा. शत्रूच्या गोटातली बित्तंबातमी मिळेल.

विश्वासू माणूस गेला तो परत आलाच नाही.

"अरे, सदतीस पैसे," काका आजही सांगतात. "सदतीस पैशांचा फरक लागायचा आणि आम्ही दहा-दहा जण रात्री उशिरापर्यंत लेजरं चाळत बसायचो. एक जण आकडा वाचायचा, दुसरा टिक करायचा. शेवटची कर्जत लोकल सुटायची भीती. त्या मशिनमध्ये पहिल्या दिवशी बेरीज मारली. जुळली! मी तीनदा परत मारली. तीनदा जुळली. मला तर रडूच यायचं बाकी होतं." यंत्राच्या खोलीला एसी होता आणि दारावर पाटी होती: चपला बाहेर काढा. देवळाची पायरी न चढणारे कॉम्रेड जोशी रोज सकाळी चपला काढून त्या गाभाऱ्यात जाऊ लागले. जुन्या मित्रांनी सहा महिने त्यांच्याबरोबर चहा घेतला नाही. काकांना ते सहा महिन्यांनंतर कळलं.

घरचा पहिला कॉम्प्युटर १९९४ चा. लॅमिंग्टन रोडवरून (काका नेहमी 'डॉ. भडकमकर मार्ग' असंच म्हणतात) एकेक भाग घासाघीस करून घेतलेला. चौदा इंची मॉनिटर ग्रँट रोड ते डोंबिवली कसा आणला, ही स्वतंत्र कथा आहे. दादरला बदलताना तो एका कोळणीच्या टोपलीवर टेकवला होता एवढं सांगितलं तरी पुरे. काकूंची आवृत्ती त्याहून छोटी आहे. "सुमी झाली तेव्हा हॉस्पिटलातून रिक्षानं आणलं. मॉनिटरला स्टेशनपासून टॅक्सी."

या काकू म्हणजे काकांच्या संसारातला एकमेव प्रोग्राम, जो कधी हँग झालेला नाही. दसऱ्याला त्या झेंडूचं फूल वाहून कॉम्प्युटरची पूजा करतात. कीबोर्डला हळदकुंकू लावायचं नाही, ही काकांची अट. एका वर्षी पूजेनंतर कॅबिनेटमधून टक-टक-टक आवाज सुरू झाला. काकांनी हार्ड डिस्क गेली म्हणून हाय खाल्ली. रात्री दोनपर्यंत सगळं खोलून पाहिलं. शेवटी पंख्याच्या पात्यात एक अक्षता सापडली.

काकांनी तेवढ्या रात्रीत हार्ड डिस्कची आणखी एक प्रत काढून ठेवली होती. बॅकअप हा त्यांच्या आयुष्याचा पाया. नियम ३-२-१: प्रती तीन, माध्यमं दोन, आणि एक प्रत घराबाहेर. हा नियम जगातले सगळे जाणते लोक डेटासाठी पाळतात. काका तो लोणच्यालाही लावतात. काकूंचं कैरीचं लोणचं दरवर्षी तीन बरण्यांत भरलं जातं, दोन चिनी मातीच्या आणि एक काचेची, आणि काचेची पुण्याला लेकीकडे जाते. पावसाळ्यात त्यांच्या पिशवीत दोन छत्र्या असतात आणि तिसरी स्टेशनजवळच्या वाण्याकडे.

जन्मतारखासुद्धा त्यांना तीन आहेत.

खरी आषाढातली, ती आईला तिथीनं ठाऊक होती. दुसरी १ जून. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना तारीख विचारली की घरचे आकाशाकडे बघायचे आणि मास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे. "कॉम्प्युटरचंही तेच," काका म्हणतात. "आतला सेल संपला की जुना पीसी स्वतःची तारीख विसरतो. मग काय सांगतो? १ जानेवारी १९८०. म्हणजे त्याचे मास्तरही आपल्यासारखेच."

तिसरी तारीख मात्र ऐतिहासिक आहे. त्या काळी फ्लॉप्यांमधून पसरणारा एक व्हायरस होता. १९९० साली तो भारतात पहिल्यांदा पकडला गेला. त्याचं नाव जोशी. वर्षभर हा जोशी कॉम्प्युटरच्या बूट सेक्टरमध्ये गुपचूप बसून राहायचा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट मारलं तरी हलायचा नाही. ५ जानेवारी उजाडली की यंत्र अडून बसायचं आणि स्क्रीनवर अक्षरं यायची: 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. केलंत, तर यंत्र मुकाट्यानं पुढे चालू. नाही केलंत, तर तिथेच ठाण मांडून.

५ जानेवारी १९९१, शनिवार, अर्ध्या दिवसाची बँक. काउंटरवर गर्दी. शाखेतला एकुलता एक पीसी अडला. मॅनेजरनं स्क्रीन वाचली. मग सावकाश मान वळवून शाखेतल्या एकुलत्या एक जोशींकडे पाहिलं.

"जोशी, तुमचा वाढदिवस घरी साजरा करता येत नाही का?"

काकांनी शपथा घेतल्या, सर्व्हिस बुक दाखवलं, त्यात १ जून होतं. पण गर्दी वाढत होती. शेवटी मॅनेजरनं स्वतः दोन बोटांनी 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप केलं आणि यंत्र चालू झालं. शिपायानं जाऊन पेढे आणले, पैसे काकांकडून घेतले. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत बँकेनं त्यांचा वाढदिवस ५ जानेवारीलाच केला. काकांनीही पुढे विरोध सोडून दिला. "इतका सरळ व्हायरस पुन्हा झाला नाही," ते म्हणतात. "काय हवंय ते स्पष्ट लिहून मागायचा. हल्ली बघ." आणि ते मोबाइल पुढे करतात. त्यावर लिहिलेलं असतं: काहीतरी चुकलं. नंतर पुन्हा प्रयत्न करा. "काहीतरी म्हणजे काय? काय चुकलं? कोणाचं चुकलं? डॉस निदान विचारायचं तरी, सोडून देऊ, परत करू की हार मानू. हे तर रुसलेल्या जावयासारखं झालं. तोंड फुगवायचं आणि कारण सांगायचं नाही."

काकूंनी हे ऐकून माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पोह्यांवर खोबरं घातलं. त्या नजरेचा अर्थ मला पुढे कळला.

गेल्या वर्षी मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. म्हणजे सभेला गेलो नव्हतो. उत्साहाच्या भरात ऑफिस साफ करायला काढलं. कोपऱ्यात काकांनीच १९९६ मध्ये जोडलेला आणि वर्षानुवर्षं ठिगळं लावून चालवलेला पीसी होता. भंगारवाल्यानं तीनशे रुपये दिले. मी ते रीतसर पावती करून सोसायटीच्या खात्यात भरले. संध्याकाळी काकांनी गेटवर हातगाडी पाहिली. त्यांचा पीसी एका तडकलेल्या कमोडशेजारी बसून चालला होता.

"हार्ड डिस्क काढून घेतलीस?"

"नाही, काका. काय होतं तिच्यात?"

आयुष्यात पहिल्यांदा काकांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. मान हलवली आणि जिना चढून गेले. पुढचे दोन महिने लिफ्टमध्ये भेटले तर ते मजल्यांचे आकडे वाचत. मी बायकोला म्हटलं, काकांचं काहीतरी बिनसलंय. आणि जो उपाय मी कॉम्प्युटरवर करतो, तोच केला: आपोआप ठीक होईल म्हणून वाट पाहिली.

मग पुनर्विकासाचं घोडं पुढे सरकलं आणि वकिलांनी १९९९ चा पार्किंगचा मूळ ठराव मागितला. त्या वर्षांच्या इतिवृत्तांची वही २६ जुलै २००५ च्या पुरात तळमजल्याच्या ऑफिसबरोबर बुडालेली. राहिला होता तो भंगारात गेलेला पीसी.

मंडईत काकू भेटल्या. मी पडलेल्या चेहऱ्यानं मटार निवडत होतो.

"आज तारीख काय रे?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"महिना?"

"जानेवारी."

"मग? ते दोन महिने अडून बसलेत, तुम्ही सगळे नुसते बटणं दाबताय. स्क्रीनवर काय आलंय ते वाचावं की माणसानं."

मी तिथेच मटाराच्या ढिगाशेजारी उभा राहून फोनवर टाइप केलं: हॅपी बर्थडे जोशी. 'काका' मुद्दामच गाळलं. हा व्हायरस अक्षरशः तेवढंच मागायचा. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. घरी पोचलो तर दारात काका, हातात पत्र्याचा डबा.

"काका, रागावला होतात?"

"छे. एवढं टाइप केलं की सुटतं," ते म्हणाले आणि डब्यातून पेन ड्राइव्ह काढला. ३-२-१. सोसायटीची सगळी इतिवृत्तं त्यात होती. दुसरी प्रत सीडीवर, तिसरी पुण्याला, लोणच्याशेजारी.

फाइल उघडली तर आत डॉलरची चिन्हं, कंस आणि टोप्या घातलेली रोमन अक्षरं. युनिकोडच्या आधीचा फॉन्ट. त्या काळी प्रत्येक मराठी फॉन्टचं आपलं स्वतंत्र संस्थान असे; एकाचा 'क' दुसऱ्याकडे स्वल्पविराम होई. काकांनी स्वतः बनवलेला तक्ता काढला आणि सगळं युनिकोडमध्ये आणलं. पण 'दुसऱ्या'मधला अर्धा 'र' जागोजाग मोडला होता. "हा 'र' बाहेरच्यांना कळत नाही," काका म्हणाले. "एकेक ओळ वाचायला हवी." बँकेत लेजरं जुळवायचे तसे आम्ही बसलो. मी वाचायचो, काका टिक करायचे. कबुतरं, गळती, पाण्याची वेळ, परत कबुतरं. पार्किंगचा ठराव तिसऱ्या संध्याकाळी सापडला. मी उठणार होतो, पण त्याच सभेचा पुढचा ठराव डोळ्यांसमोर होता.

'ठराव क्र. ७. सोसायटीचे कामकाज गेली तीन वर्षे विनामोबदला टाइप करून देणारे श्री. जोशी यांना सेक्रेटरींनी आभाराचे पत्र द्यावे. सर्वानुमते मंजूर.'

"काका, हे टाइप कोणी केलं?"

"मीच. दुसरं कोण होतं?"

"आणि पत्र मिळालं?"

"तेही मीच टाइप करून सेक्रेटरींच्या टेबलावर सहीला ठेवलं होतं." काका चष्मा पुसू लागले. "कागदं खूप असतात रे. राहिलं वाचायचं."

पत्र त्याच पेन ड्राइव्हमध्ये होतं. मी ते युनिकोडमध्ये आणलं, 'दुसऱ्या'चा 'र' दुरुस्त केला, सोसायटीच्या लेटरहेडवर छापलं, शिक्का मारला आणि सहीसाठी पेन उघडलं.

काकांनी माझा हात धरला.

"आधी वाच."