डबीला भाव मिळत नाही

दिवाळी जवळ आली की चांदीच्या नाण्यांच्या संचांच्या जाहिराती सुरू होतात. मखमली डबी, क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र, 'मर्यादित आवृत्ती' आणि खाली ठळक अक्षरांत 'पुढच्या पिढीसाठी गुंतवणूक'. माझं भांडण त्या शेवटच्या शब्दाशी आहे. संच देखणा असतो, हे मान्य. देवघरात ठेवा, लेकीच्या लग्नात आहेर म्हणून द्या, हौस म्हणून दहा घ्या, कुणाची हरकत असायचं कारण नाही. पण गुंतवणूक म्हणून विकायचा असेल तर हिशेब दाखवा. विकणारे तो दाखवत नाहीत, म्हणून आपणच करू.

सरकारी टांकसाळीपासून सुरुवात करू. 2023 मध्ये नव्या संसद भवनानिमित्त 75 रुपयांचं स्मारक नाणं निघालं. व्यास 44 मिलिमीटर, वजन 35 ग्रॅम. तळहातावर घेतलं की भारदस्त वाटतं, काम बारीक आणि सुबक आहे. पण त्यात चांदी निम्मीच. 40 टक्के तांबं, 5 टक्के निकेल, 5 टक्के जस्त. म्हणजे निव्वळ चांदी साडेसतरा ग्रॅम. चांदीचा भाव ग्रॅमला 100 रुपये धरला तर आतला धातू 1,750 रुपयांचा. भाव दुप्पट धरला तर 3,500 चा. टांकसाळ हे नाणं 75 रुपयांना देत नाही, त्याच्या कित्येक पट किमतीला विकते. धातूच्या वर जे काही मोजलंत ते घडणावळ, वेष्टन आणि हौस यांत गेलं. ते परत येईल की नाही, हे पुढच्या गिऱ्हाइकाच्या हौसेवर अवलंबून आहे.

आणि इथे एक गोष्ट आहे जी एकाही जाहिरातीत छापलेली नसते. 2011 च्या नाणे कायद्यात सरकारी नाणं वितळवणं हा गुन्हा आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत स्मारक नाणीही येतात. म्हणजे 'काही नाही तर चांदीचे पैसे तरी सुटतील' हा दिलासा सरकारी संचाला कायद्यानं मिळत नाही. सराफानं ते मोडीत घ्यायचं नाही, भट्टीत टाकायचं नाही. आतली साडेसतरा ग्रॅम चांदी कागदोपत्री तुमची, पण ती बाहेर काढायची सोय नाही. ते विकत घेईल तो फक्त दुसरा संग्राहक किंवा नाण्यांचा व्यापारी. व्यापाऱ्याला पुढे विकून नफा काढायचा असतो, त्यामुळे त्याचा खरेदीभाव आणि विक्रीभाव यांत चांगलं अंतर असतं. काही संच टांकसाळीची विक्री थांबल्यावर चढ्या भावानं गेले, हे खरं आहे. पण कुठला विषय चढेल आणि कुठला कपाटात पडून राहील, हे आधी छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

सराफी पेढ्यांवरचे अष्टविनायक, महालक्ष्मी, शिवराज्याभिषेक असे संच ही निराळी जात. कायद्याच्या भाषेत ती नाणीच नव्हेत. नाण्याच्या आकाराच्या चकत्या आहेत. त्या मोडता येतात, पण मोडताना काय होतं ते एका पेढीवर डोळ्यांसमोर पाहिलं. एका काकूंनी आठ नाण्यांचा संच गल्ल्यावर ठेवला. प्रत्येक नाणं प्लास्टिकच्या गोल कवचात, वर गणपतीचा रंगीत मुलामा. आतल्या माणसानं कवचं एकेक करून फोडली, डबी आणि प्रमाणपत्र बाजूला सारलं, आठही नाणी काट्यावर ओतली. "काकू, रंगाचं वजन वजा होईल. आणि शिक्का आमचा नाही, तर घट धरावी लागेल." "अहो, पण सर्टिफिकेट आहे ना?" "ते राहू द्या तुमच्याकडे." घेताना काकूंनी चांदी, घडणावळ, डबी आणि वर 3 टक्के जीएसटी, असं सगळं मोजलं होतं. देताना त्यांना फक्त चांदी मिळाली, तीही घट कापून. त्या माणसानं फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याचा काटा खरा होता. खोटं बोलली होती ती जाहिरात.

हा प्रकार आपल्याच देशातला आहे असं समजू नका. मॉन्ट्रियलच्या 1976 च्या ऑलिंपिकसाठी कॅनडाच्या टांकसाळीनं 1973 पासून चांदीची नाणी काढली. एकूण 28 नाणी: 14 पाच डॉलरची, 14 दहा डॉलरची, सगळी 92.5 टक्के चांदीची. पूर्ण संचात निव्वळ चांदी सुमारे 944 ग्रॅम, म्हणजे किलोला जराशी कमी. दर्शनी किंमत 210 कॅनेडियन डॉलर, आणि त्या वेळच्या चांदीच्या भावाने आतला धातू त्याहून कमी किमतीचा. देखण्या पेट्यांतून ते संच जगभर गेले. ऑलिंपिक एकदाच होणार, संच पुन्हा निघणार नाही, म्हणून भाव चढणारच, अशी घेणाऱ्यांची समजूत होती. संच पुन्हा निघाला नाही हे खरं, पण निघाला तेव्हाच इतका निघाला की आजही कुणाला कमी पडत नाही. पन्नास वर्षांनी तो बहुतेक ठिकाणी चांदीच्या वजनावर विकला जातो. ज्यांच्याकडे तो राहिला त्यांचे पैसे वाढले, पण ते चांदी वाढली म्हणून. तेव्हा त्याच पैशांत नुसती वीट घेतली असती तर हाती जास्त चांदी आली असती आणि आज जास्त पैसे झाले असते.

अमेरिकेत फ्रँकलिन मिंट नावाच्या खासगी कंपनीनं 1964 पासून हाच धंदा पदकांचा केला. दर महिन्याला टपालानं एक पदक, पुरा संच झाला की वारशाची ठेव. 1978 मध्ये सीबीएसच्या 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमानं हे संच विकायला गेलं की काय मिळतं ते दाखवलं आणि लोकांचे डोळे उघडले. दोन वर्षांनी हंट या धनाढ्य अमेरिकी भावांच्या साठेबाजीनं चांदी औंसाला 50 डॉलरच्या आसपास पोहोचली, तेव्हा हे संच ढिगानं भट्टीत गेले.

मग भाव टिकतो तरी कशाचा? 1939 चा सहाव्या जॉर्जचा रुपया घ्या. पाडला तेव्हा त्याला डबी नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं. तो बाजारात फिरायला निघालेला साधा रुपया होता. पुढच्याच वर्षी रुपयातली चांदी 91.67 टक्क्यांवरून 50 वर आणली गेली. 1939 चा रुपया आज इतका क्वचित दिसतो की त्याच्या नकला बनतात, आणि जाणकार तो हाती घेतला की आधी सालाचे आकडे भिंगाखाली धरतात. 1911 चा पाचव्या जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, ओरड झाली, पुढच्या वर्षी ठसा बदलला. म्हणून त्या सालाला मागणी. राणीछाप रुपयांवर 1862 हे साल तर पुढे कित्येक वर्षं तसंच पडत राहिलं. नेमकं वर्ष ओळखायला बारीक टिंबं मोजावी लागतात, आणि भाव त्या टिंबांवर ठरतो. ही दुर्मिळता कुणी ठरवून विकलेली नाही. वापर, वितळण आणि हरवणं यांतून जे उरलं त्याची ती किंमत आहे, आणि ती ओळखायला अभ्यास लागतो. लक्ष्मीपूजनानंतर असे रुपये रांगोळीनं किंवा टूथपेस्टनं लख्ख घासणाऱ्यांना एवढंच सांगतो, त्या एका हातानं निम्मा भाव पुसला जातो. पंचामृत घाला, पाण्यानं धुवा, मऊ कापडावर ठेवून कोरडे करा. घासू नका.

गांधीजींच्या जन्मशताब्दीचं 1969 चं दहा रुपयांचं नाणंही ध्यानात घ्या. 15 ग्रॅम वजन, 80 टक्के चांदी, म्हणजे निव्वळ 12 ग्रॅम. लाखोंनी पाडलेलं, दुर्मिळ मुळीच नाही. पण ते दर्शनी किमतीला लोकांच्या हाती आलं. ज्यांनी दहा रुपयांत ते घेऊन ठेवलं त्यांचं भलं झालं, कारण पहिल्या दिवशीच धातूच्या वर भारंभार पैसे मोजावे लागले नाहीत. संच कुठलाही असो, पहिला प्रश्न हाच: चांदीच्या वर मी किती देतोय?

जुन्या नाण्यांना लाखो मिळतील असे निरोप मोबाईलवर फिरतात, त्यांना तर बळी पडूच नका. रिझर्व्ह बँकेच्या नावानं जुन्या नोटा-नाण्यांचे व्यवहार करून देतो म्हणत कुणी शुल्क मागितलं तर देऊ नका, असं बँकेनंच ऑगस्ट 2021 मध्ये स्पष्ट बजावलं आहे.

आणि यंदा गल्ल्यावर उभं राहून कुणी 'गुंतवणूक' म्हणालं, तर पैसे काढण्याआधी एकच विचारा: हाच संच उद्या सकाळी परत आणला तर कितीला घ्याल? तो आकडा पावतीच्या मागे लिहून, सही-शिक्क्यासह मागा. लिहून दिला तर बेलाशक घ्या. नाही दिला तर हौसेचे पैसे हौसेच्या खात्यात लिहा, आणि मुलांसाठी ठेवायची चांदी बाजारभावाने, वजनावर वेगळी घ्या.