दत्तक मिडफिल्डर

फुटबॉलपटू अराता इझुमी आपला बडोद्याचाच, असं मी दांडिया बाजारात छातीठोकपणे सांगतो. समोरचा सेवउसळीत पाव बुडवत विचारतो, "ए वळी कोण?"

माझी बाजू भक्कम आहे. आई जपानी, वडील गुजराती, जन्म 1982 सालचा, जपानमधला. नाव गाजलं ते पुण्यात. गुजरात अधिक पुणे म्हणजे बडोदेकर मराठी माणूसच की! आम्हाला पुण्यात गुजराती म्हणतात आणि गुजरातेत मराठी. त्याला तर दोन्हीकडे जपानीच म्हणत असणार. एवढं गोत्र जुळल्यावर तो पाहुणा कसला?

शिवाय बाहेरचा माणूस आपला करून घेण्यात बडोद्याचा हात कोण धरणार! खुद्द सयाजीराव 1875 साली नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आले. हार्दिक पंड्या जन्माने सुरतेकडचा. विजय हजारे सांगलीचे. आणि हजाऱ्यांचं नाव निघालं की 1947 ची रणजी फायनल सांगितल्याशिवाय मला चहा जात नाही. समोर होळकर, सामना बडोद्यातच, आपले तीन बाद 91. मग चौथ्या विकेटला 577! हजारे 288, गुल महंमद 319. कोणत्याही विकेटच्या भागीदारीचा हा जागतिक विक्रम 2006 पर्यंत कुणाच्या बापाला मोडता आला नाही. त्या फायनलच्या वेळी माझा जन्मही झाला नव्हता, पण सांगताना थाट असा, की पॅड बांधून पुढच्या नंबरला मीच बसलो होतो. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेला, 1956 साली त्यांच्याकडून टेस्टही खेळला. जाऊ दे. 319 मात्र आमच्याच खात्यावर. माणूस जाऊ देतो, रन नाही.

अराताकडे असलं भांडवल नाही. 2012-13 ला त्याचा पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरा आला, आणि दुसरा आलेल्याला लक्षात ठेवण्याची आमच्यात पद्धत नाही.

पण एक गोष्ट मला खरोखर डाचते. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व बसत नाही. भारताकडून खेळायचं म्हणून या माणसाने जपानचं नागरिकत्व सोडलं, नीलकंठ खंभोलजा या नावाने भारतीय झाला आणि 2013 मध्ये निळी जर्सी घातली. जपान 1998 पासून प्रत्येक वर्ल्ड कप खेळतोय, आपण आजवर एकही नाही. आमच्या सोसायटीत कुणाच्या मुलाला परदेशी पासपोर्ट मिळाला की घरोघरी पेढे येतात. परदेशी पासपोर्ट परत करून आपल्याकडे आलेल्यासाठी एक बत्तासाही कुणी वाटल्याचं मला आठवत नाही. त्यात मीही आलोच.

म्हणून हे दत्तकविधान मी एकट्याने उरकून टाकलंय. दत्तक गेलेल्याला अजून पत्ता नाही. कळलं तर तो एवढंच विचारील, "बडोद्यात फुटबॉल बघतं कोण?"

मग मी त्याला खुर्ची देईन, चहा मागवीन आणि तीन बाद 91 पासून सुरुवात करीन.