पंचांग पाहून काठी घ्यावी

अणशीत राहणाऱ्या माणसाने मासे धरायची काठी विकत घेणं हे वनखात्याच्या दृष्टीने संशयास्पद आणि बायकोच्या दृष्टीने निरर्थक असतं. आमचं गाव जोयडा तालुक्यात, घाटमाथ्यावर. 1987 साली भोवतालचं रान राष्ट्रीय उद्यान झालं, 2007 मध्ये ते दांडेलीच्या अभयारण्याशी जोडून व्याघ्रप्रकल्प झाला आणि 2015 मध्ये त्या प्रकल्पाला काळी नदीचं नाव मिळालं. नाव नदीचं मिळालं, पण नदीत गळ टाकायची मुभा काही मिळाली नाही. उद्यानातल्या ओहोळात मूठभर लांबीचा मासा दिसला तरी त्याला नमस्कार करून पुढे व्हायचं. त्याचा आणि वाघाचा हुद्दा एकच. त्यामुळे आमच्याकडे मासेमारी ही केवळ चिंतनाची गोष्ट उरली आहे, आणि चिंतनाला इथला पाऊस भरपूर वेळ पुरवतो.

प्रत्यक्ष गळ टाकायचा तर अणशी घाट उतरायचा, कद्र्याचं धरण मागे टाकायचं आणि साठेक किलोमीटरवरचं कारवार गाठायचं. तिथे काळीच्या मुखाशी कोडीबाग आहे आणि कोडीबागेत माझी सासुरवाडी आहे. मेहुणा गरवण्यात पटाईत. त्याची सामग्री म्हणजे पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली, तिला गुंडाळलेलं तंगूस (नायलॉनचा दोर), टोकाला गरी आणि शिशाऐवजी चारचाकीचा जुना स्पार्क प्लग. सगळा संसार लुंगीच्या सोग्यात मावतो. बाटली डाव्या हातात आडवी धरायची, उजव्या हाताने प्लग गरगरा फिरवून सोडायचा, आणि तंगूस तर्जनीवर ताणून बसायचं. खाली तळाला नोगली माशाने गरीच्या कोळंबीला नुसतं तोंड लावलं तरी त्याला वर कळतं.

हे पाहिल्यावर शहाण्या माणसाने काठीचा विचार सोडून दिला असता. पण तळाची मासेमारी कडेच्या खडकांवरून करायची तर दोर खडकांच्या पलीकडे पडला पाहिजे आणि ओढताना कालवांच्या धारेवरून उचलला गेला पाहिजे. तेवढ्यासाठी हातात लांबी हवी. शिवाय जावयाने सासुरवाडीला बाटली घेऊन जाणं बरं दिसत नाही, मग ती कितीही रिकामी असो.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, “केवढा मासा धरणार?” हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या वर्मी बसावा म्हणूनच विचारलेला असतो. “लहानसा,” असं उत्तर देणारा पुरुष मी अजून पाहिलेला नाही. आपला हात आपोआप खांद्यापर्यंत जातो आणि दुकानदार आतून घोडागाडीच्या दांड्याएवढी काठी काढतो. ती हातात धरली की माणूस खरोखर भारदस्त दिसतो. साधारण अर्धा तास. नंतर खांदा भरून येतो, काठी खडकाला टेकवली जाते, आणि तळाला कोण येऊन कोळंबी खाऊन गेलं याचा पत्ता लागत नाही, कारण त्या दांड्याचा शेंडा हलवायला मगरच यावी लागते.

माझं म्हणणं असं, की ही खरेदी तळापासून वर करत यावी. मासा किती मोठा हे कोणाच्याच हातात नाही. तळाला पाण्याची ओढ किती, हे मात्र आधी कळतं. त्या ओढीत जागेवर टिकेल एवढं शिसं, ते शिसं फेकता येईल एवढी काठी, त्या काठीला शोभेल एवढं रीळ, असा हा वंशवृक्ष आहे. प्रत्येक काठीच्या मुठीच्या वर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की ही किती ग्रॅम फेकू शकते. माझ्या मनात भरलेल्या हलक्या काठीवर होतं 7 ते 28 ग्रॅम. मेहुण्याचा प्लग पन्नासेक ग्रॅमचा. तो या काठीने झोकात फेकला असता तर प्लग पाण्यात, शेंडा प्लगच्या मागोमाग आणि बुंधा जावयाच्या हातात, अशी वाटणी झाली असती.

मग पाण्याची ओढ कळायची कशी? त्यासाठी आपल्या प्रत्येक घरात खिळ्याला टांगलेलं एक साधन असतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती. पाणी चढतंही फार आणि सुकतीला ओढतंही फार. काळीच्या मुखात तेव्हा हलकं शिसं तळावर ठरतच नाही, गडगडत सदाशिवगडाच्या दिशेने फिरायला जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती. पाणी सुस्त, ओढ कमी, वीस-पंचवीस ग्रॅमांचं शिसं वाळूत मुकाट बसतं. म्हणजे हलक्या काठीचे दिवस शुद्ध आणि वद्य अष्टमीच्या अलीकडे-पलीकडे. लग्नाला पाहतो, घराच्या पायाला पाहतो, तर काठीला पंचांग का पाहू नये? दुकानदाराला मी विचारलं, “ही अष्टमीला चालेल ना?” तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आमच्याकडे सोमवारी बंद असतं.”

ओढ कमी जाणवावी याची दुसरी युक्ती दोरात आहे. पाणी शिशाला जेवढं ढकलतं त्याहून जास्त लांबलचक दोराला ढकलतं. विणलेला बारीक दोर 20 पौंडांचा ताण सोसणारा असला तरी जाडीला जेमतेम 6 पौंडांच्या तंगुसाएवढा भरतो. बारीक दोर म्हणून ओढ कमी, ओढ कमी म्हणून शिसं कमी, शिसं कमी म्हणून काठी हलकी, आणि काठी हलकी म्हणून दुसऱ्या दिवशी खांद्याला तेल चोळायची वेळ येत नाही. हा दोर ताणला जात नाही, म्हणून तळाची चाहूल बोटापर्यंत येते. एकच दुर्गुण, कालवाच्या धारेला लागला की क्षणात तुटतो. म्हणून शेवटचा वावभर तुकडा तंगुसाचाच बांधायचा. अखेर मेहुण्याच्या मालाशिवाय गाडं पुढे जात नाही ते नाहीच.

काठ्या दोन जातींच्या. काचतंतूंची जड, सोशिक, दारात आपटली तरी हूं की चूं करत नाही. कार्बनची हलकी, बोलकी, पण खडकावर आपटली की आतून तडकते आणि ऐन मासा लागल्यावर मोडून सूड घेते. कार्बन वीज वाहून नेतो, तेव्हा वैशाखात ढग गडगडायला लागले की ती उभी धरून किनाऱ्यावर थांबू नये. विजेच्या तारेखालून जाताना तर मुळीच नको. तळासाठी शेंडा मऊ आणि बुंधा ताठ असा घ्यावा. नोगलीचं तोंड बारीक, ती घास घेते तोही चाचपून; ताठ शेंड्याला ते कळतच नाही. घडीची, म्हणजे एकात एक सरकणारी काठी पाहायला गोजिरवाणी असते, पण तिच्या सांध्यांत वाळू जाते आणि मग ती उघडत तरी नाही किंवा मिटत तरी नाही. मी सात फुटांची दोन तुकड्यांची घेतली. साडेतीन फुटांचे दोन तुकडे कापडी पिशवीत घालून बसमध्ये चढलं की कंडक्टर म्हणतो, “छत्री?” आपण म्हणायचं, “हो.” कारवारच्या बसमध्ये छत्रीला कोणी बारा महिने हरकत घेत नाही.

रिळाची गोष्ट जरा रंगवून सांगण्यासारखी आहे. काठीखाली लोंबणारं, दोर वेटोळ्यांनी सुटणारं हे रीळ 1905 साली पेटंट करून घेतलं ते इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ नावाच्या कापडगिरणीवाल्याने. गिरणीत बॉबिनीच्या टोकावरून सूत कसं सरसर निघून येतं, हे त्याच्या रोजच्या डोळ्यांखालचं. पूर्वी दोर सुटताना चाक गरगर फिरायचं आणि थांबायचं नाव घ्यायचं नाही. इथे चाक जागच्या जागी, सुटतो तो फक्त दोर. म्हणून हलकं शिसंही लांब जातं. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या कोकणच्या हजारो माणसांनी आयुष्यभर बॉबिनी पाहिल्या. त्या पाहून त्यांना गावचे मासे नक्की आठवले असणार. पेटंट काढायचं तेवढं राहून गेलं.

रिळावर 1000, 2500, 4000 असे आकडे असतात. ते रुपये नव्हेत, हे मी घरी दोनदा समजावून सांगितलं. तो आकार. अशा काठीला 2500चं रीळ पुरतं. वजन पाव किलोच्या आसपास. त्याहून मोठं लावलं की तोल मुठीकडे झुकतो, शेंडा वर बघायला लागतो आणि हलकी काठी घेतल्याचं सार्थक संपतं. 5.2:1 असं लिहिलेलं असेल तर मूठ एकदा फिरवली की दोर गुंडाळणारा भाग पाचाहून जरा जास्त वेळा फिरतो. सायकलीचं गणित. जपानची शिमानो कंपनी सायकलीचे गिअरही करते आणि रिळंही, त्याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

खरी मेख आहे ती रिळाच्या डोक्यावरच्या आवळायच्या चकतीत. दोर जेवढा ताण सोसतो त्याच्या चौथाईला ती सुटली पाहिजे, नाहीतर मासा दोरच तोडून नेतो. हिशेब दोर आणि तंगुसाचा तुकडा यांतल्या कमजोराचा करायचा. माझा तुकडा 10 पौंडांचा, म्हणजे साडेचार किलो; चौथाई झाली किलोच्या थोडी वर. घरात ताणकाटा नव्हता. मी रिळातून दोर बाहेर काढला, त्याला एक किलो साखरेची पिशवी बांधली आणि पडवीत उभा राहिलो. नेम असा, की नुसती साखर धरली गेली पाहिजे आणि तिच्यात पावशेर पोहे घातले की सुटली पाहिजे. चकती आवळायची, सैल करायची, पुन्हा आवळायची. पोहे घातले, रीळ कर्रर्र बोललं, पिशवी संथपणे जमिनीला टेकली. पाहण्यासारखा क्षण होता. बायको स्वयंपाकघराच्या दारातून पाहतच होती. ती म्हणाली, “अहो, ते पोहे मी सकाळी भिजवणार होते.”

फेकायचा सराव अंगणातच. गरी काढून ठेवलेली, टोकाला फक्त शिसं आणि निशाणाला पलीकडे ठेवलेली रिकामी करंडी. नेमका तेव्हा वनरक्षक रस्त्याने जात होता. काठी पाहून आत आला. शिसं हातात घेऊन उलटसुलट केलं.

“गरी खंय?”

“घरात, डब्यात.”

“बरें.” गुन्हा होत नाही याची खात्री पटल्यावर तो जरा रेंगाळला. माणूस अंकोल्याच्या किनाऱ्याकडचा निघाला. माझी फेक पाहून त्याचा चेहरा पिळवटला. “बोट लवकर सोडता तुम्ही,” म्हणाला आणि टोपी काढून कठड्यावर ठेवली. पहिल्याच फेकीला शिसं करंडीत. त्यानंतर तो गस्तीवरून येता-जाता सराव कुठवर आला याची चौकशी करू लागला. चौकशी खात्याची म्हणायची की त्याची, हे मी विचारलं नाही.

हा नाद काही माझ्यापासून सुरू झालेला नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाचं एक प्रकरणच आहे. कोणता मासा कुठे राहतो, त्याला चारा काय घालावा, सगळं सांगितलेलं. आमच्या या भागाचं राजकारण ज्या घराण्याच्या छायेत चाललं त्याच्या राजाने ग्रंथात गळाला जागा दिली, हे मी घरात वेळोवेळी ऐकवतो. पुढे दक्षिण कानड्याच्या एच. एस. थॉमस नावाच्या कलेक्टराने 1873 साली मंगळूरला ‘द रॉड इन इंडिया’ छापलं. त्याचा जीव नदीतल्या महसीरवर. उत्तर कानडा 1862 पासून मुंबई इलाख्यात, म्हणून आमच्या वाट्याला वेगळे कलेक्टर आले. त्यांतल्या कोणी नोगलीवर ग्रंथ लिहिल्याचं ऐकिवात नाही. साहेबाला अंगावर येणारा मासा हवा असे. आपल्याला ताटात येणारा चालतो.

वद्य अष्टमी धरून मी कोडीबागेला उतरलो. मेहुण्याने काठी हातात घेऊन हलवली, वजन अजमावलं आणि म्हणाला, “भावोजी, हिने काय करायचं? मुलांना हाकायचं?” मी उत्तर दिलं नाही. शिसं खडकांपलीकडे नेमकं पडलं, वाळूत बसलं, दोर ताणला. थोड्या वेळाने शेंडा दोनदा लवला. मऊ शेंडा, नुसता नखभर. मूठ उचलली आणि रीळ फिरवायला घेतलं. हलक्या काठीवर वीतभर मासाही मोठा सरदार वाटतो, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. वर आला शिंगाळा. त्याचे काटे विषारी, पण काढायचा मान मेहुण्याने आनंदाने घेतला आणि परत पाण्यात सोडला. पुढे मात्र नोगल्या लागल्या. सडपातळ, रुपेरी, वाळूच्या रंगाच्या पाठीच्या. मेहुण्याच्या बाटलीलाही लागल्या. कोणाला जास्त, हा प्रश्न सासूबाईंनी सगळ्या एकाच तव्यावर टाकून मिटवला.

आता अडचण तर्कशुद्ध आहे. हलकी काठी अष्टमीला बरोबर, हे सिद्ध झालं. त्यातूनच हेही सिद्ध होतं, की उधाणाच्या दिवसांत तिचा उपयोग नाही आणि त्यासाठी दुसरी, जराशी दणकट काठी लागणार. सोबत 4000चं रीळ. हा मुद्दा मी पंचांग हातात घेऊन, तिथीनिशी बायकोसमोर मांडला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“पौर्णिमेला आपल्याकडे सत्यनारायण असतो,” ती म्हणाली. “आणि अमावास्येला घाट उतरायचा नसतो.”