ओरिजनल काका

कल्याण-शीळ रस्त्यावर टॉवर उभे राहिले तेव्हा बिल्डरने क्लब हाउस दिलं, जॉगिंग ट्रॅक दिला आणि न मागता काही माणसंही दिली. टँकर किती वाजता येणार हे ड्रायव्हरच्या आधी माहीत असणारे गृहस्थ, लिफ्टमध्ये शिरताच पंखा बंद करणाऱ्या बाई आणि ‘बुलेट ट्रेन येऊ द्या, मग भाव बघा’ म्हणणारे आशावादी. आशावाद्यांचं अगदीच चूक नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून काढून, आमच्या शीळफाट्यालाच उजेडात येतो. तूर्त मात्र महापेहून फाट्याला येणाऱ्या माणसाला पुढच्या कंटेनरचा नंबर पाठ होतो, तरी फाटा काही येत नाही.

या मंडळींत एक जात फार दुर्मीळ. टॉवरमागे एक सापडला तरी खूप. तो म्हणजे सॉफ्टवेअर पैसे देऊन विकत घेतलेला माणूस. आमच्या विंगला हे भाग्य लाभलेलं आहे. त्यांचं खरं नाव मेंटेनन्सच्या बिलावर असेल, एरवी सगळे त्यांना ओरिजनल काका म्हणतात.

काका लेखा विभागातून निवृत्त झालेले. डोंबिवली पूर्वेची दोन खोल्यांची जागा विकून चौदाव्या मजल्यावर आले. २०१० साली त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून कॉम्प्युटर जोडून घेतला. त्या काळी जोडून घेतलेल्या मशीनमध्ये विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, अँटिव्हायरस असं सगळं ‘भरून’ मिळायचं. वेगळे पैसे मागणारा दुकानदारच वेडा ठरायचा. अपवाद मराठी टायपिंगवाल्यांचा. श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम घेतलं की मशीनच्या पाठीला डोंगल लावायचा, आणि ऐन लग्नसराईत तो डोंगल हरवला की पत्रिकेवाल्याच्या तोंडचं पाणी पळायचं. बाकी सगळा खुला कारभार. अशा बाजारात काकांनी ‘विंडोज सेव्हन ओरिजनल द्या आणि बिलात वेगळी ओळ दाखवा’ असं सांगितलं. दुकानदाराने म्हणे दोनदा विचारलं, ‘ऑफिससाठी का?’ काका म्हणाले, ‘घरासाठी.’ हा संवाद काका आजही सांगतात, आणि ‘घरासाठी’वर थांबून समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतात.

तेव्हापासून काकांना नैतिक उंची आली ती आली. गणेशोत्सव मंडळाची पोरं अहवालाचं पान लावत बसली होती, तर काका मागे जाऊन उभे. ‘हे सॉफ्टवेअर घेतलंय की आणलंय?’ पोरं गप्प. मग काकांनी १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३-ब म्हणून दाखवलं: जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर कमीत कमी ७ दिवस, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद, आणि दंड ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत. ‘७ दिवस म्हणजे यंदाचं विसर्जन आतून बघायचं,’ असंही वर म्हणाले. पुढच्या वर्षी मंडळाने त्यांना सल्लागार केलं. सल्लागाराला अहवाल छापून झाल्यावर दाखवायचा असतो.

शीळ, पडले, देसाई, खिडकाळी या पट्ट्यातल्या माणसाला काकांचा स्वभाव चटकन कळावा. जमिनीवर टॉवर उभा राहिला तरी इथला म्हातारा सातबारा उशाखाली ठेवून झोपतो. काकांचा सातबारा म्हणजे पंचवीस अक्षरांची ती प्रॉडक्ट की. पाच-पाच अक्षरांचे पाच गट. आणि तीच हरवली.

हरवल्याचं कळलं तेही उशिरा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज टेनची नेहमीची अपडेट थांबली आणि काकांनी पेपरातली बातमी कापून ठेवली. मशीनही रखडायला लागलं होतं. नाक्यावरच्या कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानातला पोरगा, एका बाजूला टायरवाला आणि दुसऱ्या बाजूला रेडिएटरवाला यांच्यामध्ये बसून धंदा करणारा, घरी आला. बघितलं न बघितलं आणि म्हणाला, ‘काका, एसएसडी टाकू, फॉरमॅट मारू, संध्याकाळी मशीन पळेल.’

‘आधी की शोधू,’ काका म्हणाले.

‘कीचं काय करताय? अ‍ॅक्टिव्हेटर मारतो ना. दोन मिनिटं.’

काकूंनी नंतर आम्हाला सांगितलं, की त्या दिवशी त्याला चहा मिळाला, पण बिस्किटं मिळाली नाहीत.

मग शोधमोहीम सुरू झाली. कीचं स्टिकर कॅबिनेटच्या कुशीला होतं, हे काकांना पक्कं ठाऊक. स्टिकर होतंही. पण कामवाल्या बाईंचं ओलं फडकं त्यावरून रोज फिरायचं, म्हणून काकांनी फार पूर्वीच त्यावर सेलोटेप लावली होती. ती पिवळी पडली म्हणून दुसरी. तिच्या कडा सुटल्या म्हणून तिसरी. आता काकांनी नखाने टेपचं टोक उचललं, हळूच ओढलं, आणि अक्षरं स्टिकर सोडून टेपबरोबर वर आली. काही टेपवर, काही कागदावर, मधली कुठेच नाहीत. काकांनी टेप ट्यूबलाइटखाली धरली, भिंग आणलं, उलटी वाचली, सुलटी वाचली. चौथा गट तेवढा धड लागला. बाकी सगळा पिवळा डिंक.

सीडीचं कव्हर होतं, त्यावरही की होती. पण नातवाच्या शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ होतं, तेव्हा सीडीचा मोर झाला आणि कव्हराची त्याला बैठक झाली. मोराला बक्षीस मिळालं. तो शाळेतच राहिला.

उरलं बिल. काकांच्या कपाटात ‘महत्त्वाचे’ अशी एक फाइल आहे आणि ‘अति महत्त्वाचे’ अशी दुसरी. पहिलीत डोंबिवलीच्या गॅसचं जुनं पुस्तक, बिघडून भंगारात गेलेल्या मिक्सरचं गॅरंटी कार्ड आणि चार वेगवेगळ्या वर्षांतल्या रेशन कार्डाच्या झेरॉक्स. दुसरीत विंडोजचं बिल. ते काढून काकांनी पाहिलं आणि परत आत ठेवलं. काय झालं होतं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण काकूंच्या पोटात काही राहत नाही. बिल होतं थर्मल कागदावरचं, उष्णता लागली की काळं पडणारं. काका ते घेतल्याच्या आठवड्यातच लॅमिनेट करायला गेले होते. मशीनच्या तापलेल्या रोलरमधून ते जे बाहेर आलं, ते आजतागायत तसंच आहे: चारी बाजूंनी सील केलेलं, पाणी न लागणारं, न फाटणारं, काळं कुळकुळीत.

आता उरलं मशीन. त्याच्या पोटात की असते, एवढं काकांना ऐकून माहीत. त्यांनी पोराला फोन लावला. पोरगा बाइकवर शीळफाट्याला अडकलेला. त्याला बोलायला भरपूर वेळ होता.

‘काका, तुमचं मशीन दोन हजार बाराच्या आधीचं ना? मग मदरबोर्डमध्ये नसणार. विंडोज एट आल्यापासून कंपनीच्या मशीनवर की आतच कोरलेली येते. तुमचं जुनं. तुम्ही काळी विंडो उघडा. लिहा, एस-एल-एम-जी-आर, स्पेस, स्लॅश, डी-एल-आय. एंटर.’

काकांनी एका बोटाने लिहिलं. छोटी चौकट उघडली.

‘शेवटचे पाच काय दिसतायत?’

काका सावकाश, बँकेत सांगतात तसे सांगू लागले. ‘तीन. व्ही फॉर वाशी. सहा. परत सहा. टी फॉर तळोजा.’

पलीकडून नुसते हॉर्न ऐकू आले. मग पोरगा म्हणाला, ‘काका, ही तर माझीपण आहे.’

‘तुझी कशी असेल? मी बिल भरलंय!’

‘सगळ्यांचीच असते ती.’

होती तशीच भानगड. २०१५-१६मध्ये विंडोज सेव्हनवाल्यांना टेन फुकट मिळालं, तेव्हा काकांनीही घेतलं होतं. त्या वेळी प्रत्येकाला वेगळी की मिळाली नाही. मशीनची ओळख सर्व्हरवर नोंदली गेली, त्याला डिजिटल लायसन्स म्हणायचं, आणि कीच्या जागी एकच सार्वजनिक की सगळ्यांच्या मशीनमध्ये बसली. टेन प्रो असेल तर तिची शेवटची पाच अक्षरं हीच. त्यात अ‍ॅक्टिव्हेटर मारलेल्या बऱ्याच मशीनवरही हीच दिसते. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला ओरिजनल काका आणि नाक्यावरचा पोरगा एकाच माळेचे मणी. त्या रात्री काका जेवले नाहीत. ‘अहो, चालतंय ना ते?’ काकू म्हणाल्या. ‘प्रश्न चालण्याचा नाही,’ काका म्हणाले. काकूंनी आमटी झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पोरगा पेन ड्राइव्ह घेऊन आला. त्यात की शोधून देणारा इवलासा प्रोग्राम होता. तो लावताच काकांच्या अँटिव्हायरसने (हाही ओरिजनल, दरवर्षी पैसे भरून) लाल पाटी दाखवली, ‘हॅकटूल’ म्हणून ओरडला आणि फाइल गिळून टाकली. की चोरणारा आणि स्वतःची की शोधणारा यांच्यात फरक करायला त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. काका पेचात पडले. स्वतःची वस्तू स्वतःच्या घरातून काढायची, तर आधी पैसे देऊन ठेवलेला राखणदार झोपवायला हवा. शेवटी त्यांनी इंटरनेटची वायर स्वतःच्या हाताने काढली, ती पोराला दाखवली, आणि मगच अँटिव्हायरस बंद केला.

पोरगा खरा तयारीचा. विंडोजवर विंडोज चढते, तेव्हा जुनीच्या खाणाखुणा रजिस्ट्रीत ‘सोर्स ओएस’ नावाखाली उरतात, हे त्याला ठाऊक होतं. तिथे काकांची जुनी की होती. सरळ लिहिलेली नव्हे, पंधरा बाइटमध्ये आकडा करून कोंबलेली. प्रोग्रामने तो आकडा चोवीसने भागत-भागत अक्षरं काढली. चोवीसच, कारण त्या जुन्या कीमध्ये सतरा अक्षरं आणि सात अंक एवढंच चालतं. शून्य नाही, एक नाही, पाच नाही. त्यांच्याशी गफलत होऊ नये म्हणून ओ, आय, एस ही अक्षरंही नाहीत. स्वर एकही नाही, त्यामुळे यंत्राच्या तोंडून चुकून एखादा भलता शब्द जाण्याचीही भीती नाही.

पोरगा वाचत होता, काका डायरीत उतरवत होते. प्रत्येक अक्षराला स्टेशन. बी फॉर भिवंडी, डी फॉर दिवा, के फॉर कल्याण, एम फॉर मुंब्रा, पी फॉर पनवेल.

‘शीळ कधी येणार?’ काकांनी मधेच विचारलं.

‘एस नसतो काका.’

‘अंबरनाथ, उल्हासनगर?’

‘स्वर नसतात.’

काकांनी मान डोलावली. आपल्या भागावर अन्याय होतो, हे त्यांना नवीन नव्हतं.

चौथा गट आला तेव्हा काकांनी खिशातून ती पिवळी टेप काढली, काचेवर चिकटवली आणि अक्षर न् अक्षर पडताळलं. जुळलं. लेखा विभागात आयुष्य गेलेल्या माणसाचा ताळेबंद जुळला की त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते आलं. माणसाने जपून जपून जे घालवलं होतं, ते कोणी न सांगता, कुठल्याही फाइलवर ‘अति महत्त्वाचे’ न लिहिता, मशीनने सांभाळलं होतं.

‘पण काका,’ पोरगा चाचरत म्हणाला, ‘ही आता नवीन इन्स्टॉलला चालणार नाही. सेव्हनच्या की टेनला घेणं सप्टेंबर दोन हजार तेवीसमध्ये बंद झालं.’

‘बरं.’

‘आणि तशी गरज पण नव्हती. मदरबोर्ड तोच आहे. एसएसडी टाकून नेट जोडलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं.’

‘गरजेपुरती मालकी मी ठेवत नाही,’ काका म्हणाले. हे वाक्य आता संकुलात म्हण म्हणून चालतं. पार्किंगच्या भांडणात तर हमखास.

बातमी पसरली. रविवारी सोसायटीच्या ऑफिसात काकांकडे माणसं येऊ लागली. कोणाची ऑफिसची की हवी. काका सांगतात, २०१३पासूनच्या ऑफिसमध्ये मशीनवर शेवटची पाचच अक्षरं राहतात, बाकीची खात्यात बघा. कोणाला जुन्या विंडोजची हवी. पण काकांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘बिल?’ तिथेच निम्मी रांग मेंटेनन्सची चौकशी करायला आल्यासारखं करून निघून जाते. ‘वस्तू ज्याची, त्यालाच की,’ असा त्यांचा नियम आहे, आणि नियमाला चेअरमनही अपवाद नाहीत. चेअरमन त्या दिवसापासून काकांशी तुटक बोलतात.

खरा चमत्कार नाक्यावर झाला. जीएसटीची बिलं फाडायला पोराने बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं, तेही चक्क पैसे मोजून. पावती दाखवायला तो मुद्दाम वर आला. काकांनी पावती वाचली, कर बरोबर लावलाय का ते पाहिलं, आणि काकूंना हाक मारली, ‘अगं, चहाबरोबर बिस्किटं आण.’ मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘आता ही की हरवता कामा नये. माझ्याकडे दे. मी जपून ठेवतो.’

पोराने पावतीची घडी घातली आणि पटकन वरच्या खिशात सरकवली. ‘नको काका, मशीनमध्येच राहू दे.’

‘मशीनचा काय भरवसा!’ काका म्हणाले, आणि सेलोटेप शोधायला उठले.